बाजाराची पिशवी: मांजरपाट, नॉन वोवन, ताग, कागद की डबा?

बेळगावच्या गणपत गल्लीत साडी घेतली की हातात येणारी रंगीत, छापील ‘कापडी’ पिशवी पुष्कळदा कापडाची नसतेच. ती असते नॉन वोवन, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे प्लास्टिकच. वडगाव-खासबागच्या मागवाल्या विणकरांपैकी कुणालाही दाखवा. हिला ताणाही नाही आणि बाणाही नाही, हे तो बोट फिरवून सांगेल. उजेडात धरली की दाबून उमटवलेले बारीक ठिपके दिसतात. तरी शंका राहिली तर कडेचा तुकडा चिमट्यात धरून पेटवावा. सूत कागदासारखं जळून राख होतं, नॉन वोवन वितळून त्याचा कडक मणी बनतो.

दुसरा घोळ मायक्रॉनचा, म्हणजे जाडीचा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). केंद्राच्या नियमानुसार ३१ डिसेंबर २०२२ पासून कॅरीबॅग १२० मायक्रॉनपेक्षा पातळ चालत नाही. त्यावरून घाऊक विक्रेते ‘ही १२० ची आहे, बिनधास्त वापरा’ म्हणून माल खपवतात. पण कर्नाटकाची ११ मार्च २०१६ ची अधिसूचना जाडी बघत नाही. कॅरीबॅग म्हटली की बंद. त्यामुळे बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीतल्या दुकानदाराने १२० च्या भरवशावर राहू नये. शिनोळीपलीकडे चंदगडला गेलात तर महाराष्ट्राची २३ मार्च २०१८ ची बंदी लागू होते. तिथे पहिल्या वेळी ५,००० रुपये दंड, दुसऱ्या वेळी १०,०००, तिसऱ्या वेळी २५,००० आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. दुधाची पिशवी, कारखान्यातून सीलबंद आलेला माल आणि रोपवाटिकेच्या पिशव्या कर्नाटकाच्या बंदीत येत नाहीत. मात्र नंदिनी दुधाच्या दोन पिशव्या घालून द्यायला दुकानदार जी कॅरीबॅग काढतो, ती येते.

आता निवड. पिशवी किती वेळा वापरणार आणि तिच्यात ओलं जाणार की कोरडं, या दोन गोष्टी ठरल्या की बाकीचं आपोआप ठरतं.

वापराचा हिशोब बऱ्याच जणांना पटत नाही, पण तो टाळता येत नाही. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये मांडलेल्या हिशोबात, एकदाच वापरून टाकलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीच्या तुलनेत कार्बन उत्सर्जनापुरती बरोबरी साधायला सुती पिशवी १३१ वेळा, नॉन वोवन ११ वेळा आणि कागदी ३ वेळा वापरावी लागते. आठवड्यातून एकदाच बाजार करणाऱ्या घरात सुती पिशवीला त्यासाठी अडीच वर्षं लागतील. आठवड्यातून तीनदा नेली तर दहा महिने. कापूस पिकवायला लागणारं पाणी, खत आणि कापडावरची प्रक्रिया यांचा हा बोजा आहे. म्हणून लग्न-बारशाला वाटलेल्या आणि कपाटात घडी करून ठेवलेल्या पाच-सहा नव्या सुती पिशव्या पर्यावरणाच्या काही कामाच्या नाहीत.

पण या हिशोबात बेळगावचा बळ्ळारी नाला नाही. पाच-सहा ग्रॅमची कॅरीबॅग वाऱ्याने उडते, गटारातून नाल्यात जाते, मोऱ्यांच्या तोंडाशी अडकते. पावसात शहापूर-वडगावच्या शिवारात पाणी तुंबतं त्यात तिचाही वाटा असतो. भाजीचा कचरा आत असेल तर गाय गाठीसकट गिळते आणि प्लास्टिक तिच्या पोटात साचत जातं. कार्बनच्या तराजूत हलकी ठरणारी पिशवी इथे जड पडते. आमचा कल कापडाकडे आहे तो यामुळे, आणि तोही नव्या कापडाआधी जुन्याकडे.

जुनी साडी हा सगळ्यांत चांगला कच्चा माल, कारण कापड आधीच तयार झालेलं आहे. साडेपाच मीटर लांब, ४५ इंच पन्ह्याच्या साडीतून ३९ बाय २० इंचांचे दहा तुकडे निघतात. विरलेली साडी असेल तर दोन-दोन तुकडे एकावर एक ठेवून पाच दुहेरी पिशव्या करा. उरलेल्या पाच इंची काठाच्या पट्टीतून २४ इंचांचे नऊ बंद होतात, दहावा उरलेल्या पदरातून काढता येतो. सिंथेटिक साडीची पिशवी लवकर वाळते, पण कापड निसटतं, म्हणून कडेला दुहेरी शिवण हवी.

नवं घ्यायचं तर मांजरपाट. त्याला खळ असते आणि ते आटतं, त्यामुळे बेतण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा. ४२ ते ४४ इंच पन्ह्याचं १ मीटर १० सेंटिमीटर कापड घेतलं तर आटल्यावर दोन पिशव्या निघतात, प्रत्येकीचा तुकडा ३९ बाय २० इंच. तुकडा मधोमध दुमडायचा. बाजू आधी सुलट्या अंगाने पाव इंचावर शिवायच्या, मग उलटून पुन्हा शिवायच्या, म्हणजे धागे सुटत नाहीत. तळाचे दोन्ही कोपरे चार इंचांच्या रेषेवर आडवे शिवले की पिशवीला बूड येतं आणि कोबी-टोमॅटो चेंगरत नाहीत. तोंडाला दीड इंचाची दुमड घालायची. तयार पिशवी साधारण १६ इंच उंच आणि साडेचौदा इंच रुंद होते.

पिशवी फाटते ती कापडात क्वचितच. बंदाच्या टोकाशी फाटते. म्हणून बंद नुसता तोंडाला जोडू नये. सुती निवारपट्टीचे २४ इंचांचे दोन तुकडे घ्या, प्रत्येक टोक तीन इंच खाली उतरवा आणि चौकोन शिवून त्यात फुली मारा. आतून कापडाचा दुहेरी तुकडा लावला तर उत्तम. पहिल्या बाजाराआधी दहा किलो तांदूळ भरून पिशवी रात्रभर खुंटीला टांगा. शिवण उसवायची तर घरीच उसवू दे.

याच्यासमोर नॉन वोवन काय देते? हलकी, स्वस्त, पटकन वाळते, आणि अकरा वेळा वापरली तरी कार्बनचं देणं फिटतं. अडचण अशी की ती तेवढी टिकेलच असं नाही. केंद्राच्या नियमात ६० जीएसएम (चौरस मीटरला ६० ग्रॅम वजन) किमान आहे, पण हातात येणारी अनेकदा त्याहून पातळ असते आणि शिवण दोऱ्याची नसून उष्णतेने चिकटवलेली असते. चार नारळ घातले की तिथूनच उघडते. उन्हात राहिली की काही महिन्यांत तिचे तंतू झडू लागतात आणि ते मातीत जातात. घरात आधीच असेल तर फाटेपर्यंत वापरा. नव्याने मागवू नका.

ताग दिसायला भारदस्त. धान्य, नारळ, बटाट्याला चांगला. पण खानापूरकडच्या जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत त्याला बुरशी धरते, वारंवार धुतला तर तो सैल पडतो, आणि मेथी-कोथिंबिरीला त्याचे तूस चिकटतात. आतून चकचकीत थर दिसला तर ते प्लास्टिकचं अस्तर आहे. कागदी पिशवी मिठाई, औषधं, बांगड्या यांपुरती ठीक. पावसात तिचं बूड रस्त्यातच सुटतं. भजी-वडे वर्तमानपत्रात बांधणं तर अन्नसुरक्षेच्या नियमांनुसारच मना आहे, शाई तेलात उतरते. त्यापेक्षा केळीचं पान बरं.

‘कंपोस्टेबल’ पिशवीबद्दल सावध राहा. तिच्यावर उत्पादकाचं नाव आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा प्रमाणपत्र क्रमांक छापलेला हवा. नुसतं ‘बायोडिग्रेडेबल’ आणि हिरवं पान छापलं म्हणजे काही झालं नाही. खरी असली तरी ती ५८ अंशांच्या आसपास तापणाऱ्या कंपोस्ट प्रकल्पात कुजते. परसातल्या खड्ड्यात महिनोन्‌महिने तशीच राहते, आणि नाल्यात प्लास्टिकसारखीच अडते.

मासळी आणि मटणाला कापड चालत नाही, याच कारणाने काळ्या पिशव्या अजून टिकून आहेत. इथे झाकणाचा स्टीलचा डबाच हवा. आधी रिकामा डबा काट्यावर ठेवायला सांगा, दुकानदार टेअरचं बटण दाबेल, आकडा शून्य झाला की मग माल. उलटं केलं तर डब्याचे तीन-चारशे ग्रॅम मासळीच्या भावाने मोजावे लागतात. एक किलो मासळीला सुटणाऱ्या पाण्यासकट दोन लिटरचा डबा लागतो. डाळ, पोहे, रवा यांसाठी नाडीच्या छोट्या सुती थैल्या. पिठाची थैली मात्र घट्ट विणीची, नाहीतर स्कूटरभर पीठ.

दुकानदारांसाठी फुकट कापडी पिशवी परवडणारी नाही आणि तिचा उपयोगही नाही. लोक घरी साठवतात. अनामत ठेवा, आणि ती पिशवीच्या खर्चाइतकीच ठेवा. पिशवी चाळीस रुपयांना पडत असेल आणि अनामत दहा असेल तर ती परत येणार नाही. परत घेताना आत हात घालून बघा. ओली किंवा मासळीचा वास असलेली घेऊ नका. आलेल्या पिशव्या उलट्या करून गरम पाणी आणि सोड्यात धुवायच्या, आणि पावसाळ्यात पूर्ण वाळल्याशिवाय घडी घालायची नाही, नाहीतर दोन दिवसांत काळे ठिपके पडतात आणि गिऱ्हाईक अनामत परत मागायला येतं.