शेडमधला हीटर आणि त्याच्या बुडाचं बटण : पाच महिन्यांनंतर

आज माझा ब्लोअर, म्हणजे पंख्याने गरम हवा फेकणारा हीटर, दुरुस्ती केंद्रातून दुसऱ्यांदा परत आला. सोबतच्या कागदावर पुन्हा तेच दोन शब्द : ‘दोष नाही’. म्हणून लिहायला बसले.

बागेतल्या लाकडी शेडमध्ये पहाटे व्यायाम सुरू करून पाच महिने झाले. तेवढ्यात चार प्रकारचे हीटर वापरून झाले. किती वॅट, किती वर्षांची वॉरंटी, हे सगळं खोक्यावर असतंच. जे नसतं ते सांगते.

सुरुवात ऑइल हीटरने केली. आवाज नाही, लालबुंद कॉइल समोर नाही, म्हणून. घरातल्या खोलीत तो उत्तमच आहे. पण माझा व्यायाम पस्तीस मिनिटांचा आणि त्याचं तेल तापून शेड उबदार व्हायला सव्वा तास. म्हणजे साडेचारला उठायचं, अंधारात बाग ओलांडून तो लावायचा आणि परत येऊन पडायचं. प्लगला लावायच्या मीटरवर रोजचे साडेतीन युनिट दिसायला लागले, तेव्हा मात्र माझा जीव खालीवर व्हायला लागला. ऑइलवाल्याला वीज कमी लागते असं ऐकून तो घेतला होता. तसं काही नसतं. विजेवर तापणारी कॉइल कुठलीही असो, एक युनिट विजेची उष्णता एक युनिटच. ती किती लवकर मिळते आणि कुठे पडते, फरक तिथे पडतो.

मग 2000 वॅटचा ब्लोअर आणला. दहा मिनिटांत ऊब, रोजचे दीड युनिट. पहिला आठवडा मी भेटेल त्याला हाच घ्या म्हणून सांगत होते. दोरीच्या उड्या सुरू केल्या आणि ते बटण भेटलं.

ब्लोअर उलटा करून बघा. बुडाशी करंगळीच्या टोकाएवढं, स्प्रिंगवर बसवलेलं बटण असतं. ब्लोअर नीट उभा असला की त्याच्या वजनाने ते आत दाबलं जातं आणि वीज सुरू राहते; कलंडला की बटण बाहेर येतं आणि वीज तुटते. कल्पना चांगली आणि गरजेची. पण माझ्या शेडमध्ये दोन सेंटिमीटर जाडीची रबरी मॅट आहे. ते बटण मऊ रबरात रुततं, त्यामुळे पुरतं दाबलंच जात नाही, जेमतेम टेकलेलं असतं. वर उड्यांनी खालच्या फळ्या हादरतात, ब्लोअर केसभर उचलला जातो आणि टक्! बंद. बैठकांना चालतो, उड्यांना बंद. डंबेल जरा जोरात ठेवला तरी बंद. पुन्हा थांबा, वाका, सरकवा, लावा. एका सकाळी अकरा वेळा मोजलं.

केंद्रात त्यांनी तो गुळगुळीत फरशीवर ठेवून अर्धा तास चालवला. अर्थातच बंद पडला नाही. “मॅडम, मॅट काढा ना,” एवढंच उत्तर. मॅट काढली तर डंबेल थेट फळ्यांवर आपटणार. आणि याच ब्लोअरच्या खोक्यावर मॅटवर व्यायाम करणाऱ्या बाईचं चित्र आहे! ते छापताना एकदा तरी तो मॅटवर ठेवून बघायला हवा होता. खाली प्लायवुडचा तुकडा ठेवल्यावर त्रास निम्मा झाला, संपला नाही. बटणावर चिकटपट्टी लावायचा सल्लाही मिळाला. तसं अजिबात करू नका. कोपऱ्यात टॉवेल, खाली रबर, भिंती लाकडाच्या. कलंडलेला ब्लोअर बंद व्हायलाच हवा.

मधे चार दिवस गॅसचा हीटर मागून आणला होता. पाचव्या दिवशी परत केला. एक किलो गॅस जळला की दीड लिटरहून जास्त पाणी वाफ होऊन हवेत मिसळतं. खिडकीवरून ओघळ आणि गार बारबेलवर दव. तो पुसताना फडक्याला नारिंगी गंज लागला. त्याहून मोठी भीती कार्बन मोनॉक्साइडची. त्याला वास नसतो, आणि बंद शेडमध्ये आपण धापा टाकत असतो. व्यायामाच्या जागी हा नकोच.

आता माघारीचं. भिंतीवरचा इन्फ्रारेड हीटर मी सुरुवातीला नापास केला होता, कारण थर्मामीटर हलतच नव्हता. शेडमध्ये नऊ अंश, तर मग हीटर कसला? दोन आठवड्यांनी लक्षात आलं की मी चुकीच्या जागी बघत होते. त्याची ऊब उन्हासारखी थेट अंगावर पडते. हवा तापेपर्यंत थांबावं लागत नाही. आणि हवा तापवणं तसं स्वस्तच. माझ्या शेडमध्ये साधारण बत्तीस किलो हवा मावते. ती दहा अंशांनी तापवायला युनिटचा दहावा भागही लागत नाही. बाकीची सगळी उष्णता फळ्यांतून, पत्र्यातून आणि दाराखालच्या फटीतून जाते. मी वीज त्या फटीला घालत होते. दाराला फोमची पट्टी लावली, हे काम पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

शिवाय दहाएक मिनिटांत शरीरच तापतं. सायकलवर पायांतून शंभर वॅटचं काम निघतं, तेव्हा तीनशेच्या आसपास वॅट नुसत्या उष्णतेच्या रूपात बाहेर पडतात. म्हणून 1500 वॅटचा इन्फ्रारेड पाच मिनिटं आधी लावते आणि व्यायामाच्या पंधराव्या मिनिटाला बंद करते. रोजचा अर्धा युनिट. उणीव एकच, शेवटी जमिनीवर ताणाचे व्यायाम करताना हीटरकडची बाजू उबदार आणि दुसरी गार. दर दोन मिनिटांनी कूस बदलते.

वायर रीळवर गुंडाळलेली ठेवून हीटर लावू नका. 2000 वॅटला जवळपास नऊ अँपिअर लागतात आणि वेटोळ्यातली उष्णता बाहेर पडत नाही. माझी वायर मऊ पडली होती, वेळीच हात लागला म्हणून कळलं. आता वायरमनकडून शेडमध्ये वेगळी लाइन घेतली आहे.

ब्लोअरची वॉरंटी अजून आहे. सोमवारी तिसऱ्यांदा केंद्रात जाणार आहे, या वेळी मॅटचा तुकडा सोबत घेऊन.