मेळघाटच्या उतारावरचा वणवा: बादलीचं हेलिकॉप्टर की पाणी उचलणारं विमान?

विदर्भातल्या जंगलांसाठी हवाई मदतीचा विचार नागपुरात सुरू झाला की पहिला प्रश्न असतो, टाकी किती लिटरची? आमच्या मते हा प्रश्न तिसरा आहे. त्याआधी दोन गोष्टी ठरवाव्या लागतात. आगीपासून पाणी किती किलोमीटरवर आहे, आणि चाळीस अंशांच्या दुपारी, हजार मीटर उंचीच्या डोंगरधारेवर ते यंत्र खरोखर किती वजन उचलतं. या दोन उत्तरांवर निवड जवळजवळ ठरून जाते. मेळघाटसाठी एक उत्तर येतं, पेंचसाठी वेगळं.

आपल्याकडे जळतं ते मुख्यतः जमिनीवरचं. सागाची पानगळ झालेली असते, त्यामुळे मार्च-एप्रिलमध्ये वरचं छत उघडं असतं आणि खाली पालापाचोळ्याचा जाड थर असतो. टाकलेलं पाणी जमिनीपर्यंत बऱ्यापैकी पोहोचतं, ही जमेची बाजू. पण अशी आग पाण्याच्या एका पट्ट्याने विझत नाही. ज्वाळा बसतात, धग राहते, आणि वाळलेल्या ओंडक्यांतून ती पुन्हा उठते. पाणी पडल्यावर साधारण अर्ध्या तासात ब्लोअर (पाचोळा उडवणारं यंत्र) आणि झाडूवाली माणसं तिथे पोहोचणार नसतील, तर ती फेरी वाया गेली असंच धरा. विमान असो की हेलिकॉप्टर, ते जमिनीवरच्या पथकाला वेळ मिळवून देतं, एवढंच त्याचं काम.

उतार मधे आला की हा वेळ मौल्यवान होतो. ढोबळ नियम असा की चढण दर दहा अंशांनी वाढली की वर चढणाऱ्या आगीचा वेग दुप्पट होतो. सपाटीवर माणसं आगीच्या तोंडासमोर जाळरेषा (आग अडवायला मोकळी केलेली पट्टी) धरू शकतात. वीस-पंचवीस अंशांच्या उतारावर आगीच्या वरच्या बाजूला माणूस उभा करणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ आहे. हवाई मदत खर्चायची ती अशा ठिकाणी.

उष्ण हवेचं गणित

चिखलदऱ्याची उंची सुमारे 1,100 मीटर. तिथे 38 अंश तापमान असेल तर विरळ हवेमुळे यंत्राला ती उंची साधारण 2,200 मीटरसारखी भासते. नागपूरचं सोनेगाव विमानतळ समुद्रसपाटीपासून सव्वातीनशे मीटरच्या आत आहे, तरी 44 अंशांना तिथली हवा 1,450 मीटरवरच्या हवेइतकी पातळ होते. माहितीपत्रकातले आकडे समुद्रसपाटीवरच्या थंड हवेचे असतात. पुरवठादाराकडे एकच तक्ता मागा: 1,100 मीटर, 40 अंश, एक तासाचं इंधन, आणि जमिनीच्या आधाराशिवाय हवेत स्थिर राहताना उचलता येणारं वजन. पायलट याला ओजीई होव्हर म्हणतात. हा तक्ता जो देत नाही, त्याच्याशी पुढची बोलणी नको.

एमआय-17 आणि बांबी बादली

भारतात वणव्यांवर पाणी टाकण्याचं काम आजवर मुख्यतः हवाई दलाच्या याच जोडीने, म्हणजे एमआय-17 हेलिकॉप्टर आणि त्याखाली टांगलेल्या बांबी बादलीने, केलं आहे. 2019 मध्ये बांदीपूर, 2022 मध्ये सरिस्का, 2024 मध्ये नैनिताल. सरिस्कात पाणी सिलीसेढ तलावातून उचललं, नैनितालला भीमताल तलावातून. बादलीची क्षमता 3,500 लिटर. ती कापडी असल्याने घडी घालून केबिनमध्ये नेता येते, आणि हा गुण आपल्यासाठी फार मोलाचा आहे. नागपूर ते मेळघाटातलं सेमाडोह सरळ रेषेत 180-190 किलोमीटर. बादली आत ठेवून पूर्ण वेगाने गेलं तर पाऊण-एक तासात पोहोचता येतं. बादली खाली लोंबकळत असेल तर वेगावर मर्यादा येते आणि त्याच अंतराला जवळपास दुप्पट वेळ लागतो. म्हणून बादली जोडायची ती मेळघाटच्या पायथ्याशी, परतवाड्याकडच्या मोकळ्या मैदानावर, सोनेगावला नव्हे.

बादलीला आतून आवळायचा पट्टा असतो; 70, 80 किंवा 90 टक्क्यांवर बांधला की तेवढंच पाणी भरतं. सकाळच्या पहिल्या फेऱ्या इंधनाच्या वजनामुळे 70-80 टक्क्यांवर करायच्या. एमआय-17 तासाला 600 किलोच्या आसपास इंधन जाळतं, त्यामुळे तासाभराने पट्टा सैल करता येतो. टाक्या काठोकाठ भरून निघणं म्हणजे पाण्याऐवजी रॉकेल वाहून नेणं.

आता हिशोब. पाणी 8 किलोमीटरवर, बादलीसह वेग ताशी 140 किलोमीटर: जाण्यायेण्यात सात मिनिटं, भरायला एक, नेम धरून टाकायला दोन. म्हणजे दहा मिनिटांची एक फेरी, तासाला सहा. 80 टक्क्यांच्या बादलीने तासाला सुमारे 16,800 लिटर पाणी आगीवर पडतं. मात्र मेळघाटच्या दक्षिण पायथ्याची सापन, चंद्रभागा, शहानूर ही धरणं नकाशावर जवळ दिसली तरी वरच्या धारेपेक्षा पाच-सहाशे मीटर खाली आहेत. भरलेली बादली घेऊन तेवढं चढायला दोन-तीन मिनिटं जातात. अंतर मोजताना उंचीचा फरकही मोजा, नाहीतर सहाऐवजी चार-पाच फेऱ्यांवर समाधान मानावं लागतं.

पाणी जवळ नसेल तर घडीची टाकी उभारून टँकरने भरण्याचा पर्याय सुचवला जातो. एमआय-17 साठी तो महागात पडतो: तासाला 16,800 लिटर म्हणजे दहा हजारांचे जवळपास दोन टँकर दर तासाला घाटरस्त्याने वर चढवायचे. लहान हेलिकॉप्टरसाठी मात्र हीच युक्ती उत्तम चालते.

लहान हेलिकॉप्टर

एच-125 सारखं एक इंजिनाचं हेलिकॉप्टर उष्ण हवेत आणि उंचीवर चांगलं टिकतं. खालच्या हुकावर सुमारे 1,400 किलो उचलण्याची त्याची मर्यादा, पण आपल्या उन्हात 800 लिटर धरून चला. कमी वाटतं ना? चार किलोमीटरवरच्या तळ्यातून सहा मिनिटांची फेरी बसते, तासाला दहा, म्हणजे 8,000 लिटर. अशी दोन हेलिकॉप्टरं एका एमआय-17 च्या बरोबरीने पाणी टाकतात, आणि एक बंद पडलं तरी काम थांबत नाही. त्यांना लहान, उथळ पाणी पुरतं. चिखलदऱ्याच्या शक्कर तलावासारखी वरच्या पठारावरची तळी त्यांच्या कामाची आहेत. मेमधली खोली आधी मोजून ठेवावी. पंख्याचा झोतही सौम्य असतो. आगीच्या सुरुवातीच्या तासासाठी आमची पसंती यांनाच. आग शेकडो हेक्टरवर गेली की मग ती अपुरी पडतात.

ध्रुव या दोन्हींच्या मधलं: दोन इंजिनं, खाली दीड टनापर्यंत वजन, उन्हात हजार लिटरच्या आसपास. माणसं आणि ब्लोअर डोंगरावर उतरवायला ते अधिक उपयोगी. चिनूक दहा हजार लिटरची बादली उचलतं, पण त्याच्या झोताने पालापाचोळ्याची आग चहूकडे उडते. आपल्या जंगलासाठी त्याचा विचार नको.

पाण्यावरून घसरत पाणी भरणारी विमानं

सीएल-415 ची कीर्ती मोठी: 6,137 लिटर, बारा सेकंदांत. पण खाली येऊन, पाणी भरून, पुन्हा पंधरा मीटर उंची गाठायला त्याला 1,340 मीटर मोकळी रेषा आणि दोन मीटर खोल पाणी लागतं. त्याचं उत्पादन 2015 मध्ये थांबलं. पुढच्या डीएचसी-515 साठी युरोपातल्या देशांनी आधीच रांग लावली आहे. आजच्या निर्णयात त्याला जागा नाही.

एटी-802 फायर बॉस हा विचार करण्याजोगा पर्याय. एक इंजिन, तरंगते फ्लोट, 3,028 लिटरची टाकी. उन्हात 2,500 धरा. इथे पाण्याचं अंतर सगळं ठरवतं. पेंचमध्ये आग तोतलाडोह जलाशयापासून दहा किलोमीटरवर असेल तर नऊ-दहा मिनिटांची फेरी होते आणि तासाला 15,000 लिटरच्या वर पाणी पडतं, एमआय-17 च्या तोडीचं. तेच विमान चिखलदऱ्याला वापरलं, तर भरवशाचं मोठं पाणी म्हणजे मोर्शीजवळचं अप्पर वर्धा, जवळपास 75 किलोमीटरवर. अडतीस मिनिटांची फेरी, तासाला जेमतेम 4,000 लिटर. अमरावतीच्या बेलोरा विमानतळाच्या 1,850 मीटर धावपट्टीवरून साधं चाकांचं एटी-802 उडवलं तरी आकडा जवळपास तेवढाच येतो.

दुसरी अडचण वळणाची. ताशी 200 किलोमीटर वेगाने तीस अंश कलून वळायला सुमारे 1,100 मीटर रुंद जागा लागते, आणि त्यावर सुरक्षेसाठी जास्तीची मोकळीक. सिपना किंवा खापरा नदीच्या खोऱ्याचा नकाशा घेऊन दोन धारांमधलं अंतर मोजा. किती ठिकाणी विमान वळू शकेल ते लगेच कळतं. विमानाने पाणी टाकायचं ते उताराच्या दिशेने खाली जाताना किंवा समपातळीत. चढणीकडे तोंड करून कधीच नाही, कारण समोर सुटकेची वाट नसते. दुपारी दरीतून वर येणारा वारा आणि धारेपलीकडे खाली ओढणारी हवा हे दोन्ही जीवघेणे ठरू शकतात.

धरणांबाबत एक सूचना. मेमध्ये पाणी आटल्यावर बुडालेली झाडं वर येतात, मासेमारीची जाळी असतात, विजेच्या तारा असतात. एप्रिलच्या सुरुवातीला बोटीने फिरून खोली मोजा आणि भरण्याची रेषा आखून ठेवा. तोतलाडोह व्याघ्र प्रकल्पात येतो, तेव्हा परवानगी हंगामाआधीच हातात हवी.

सी-130 या मालवाहू विमानातून अकरा हजार लिटर टाकणारी यंत्रणा सपाट, विस्तीर्ण जंगलांसाठी आहे. सातपुड्याच्या दऱ्यांत ती नको.

बिघडतं कुठे

सर्वात जास्त वेळ वाया जातो तो संपर्कात. वनखात्याचे वॉकीटॉकी व्हीएचएफ एफएम, विमानांचा रेडिओ एएम; दोघं एकमेकांना ऐकूच शकत नाहीत. परिसर ओळखणारा वनपाल वॉकीटॉकीसह हेलिकॉप्टरमध्ये बसवा, किंवा खाली विमानाचा हातरेडिओ द्या. पायलटला वनखात्याचा कक्ष क्रमांक सांगून काही कळत नाही. अंश आणि दशांश मिनिटांत अक्षांश-रेखांश द्या.

हेलिकॉप्टर फार खाली आलं तर त्याचाच झोत आग भडकवतो. तीस ते साठ मीटर लांब दोर वापरला की यंत्र वर राहतं, बादली झाडांच्या शेंड्यांजवळ जाते. मात्र लांब दोरावर काम करायला तसा सराव झालेलाच पायलट हवा. बादलीचं दार उघडणारी विजेची जोडणी रोज सकाळी जमिनीवर दोनदा तपासा. आणि पाणी पडायच्या रेषेतून माणसं किमान साठ मीटर बाजूला: पावणेतीन टन पाणी फांद्या तोडून खाली आणतं, उतारावरचे दगडही सुटतात.

साधं पाणी या उन्हात तासाभरात सुकतं. अर्धा टक्का फोम मिसळला की ते पाचोळ्यात जास्त मुरतं. अमोनियम फॉस्फेटचं लाल द्रावण सुकल्यावरही काम करतं, पण ते पाण्यात शेवाळ वाढवतं. पाणवठे आणि नाल्यांपासून नव्वद मीटर दूरच ठेवा.

तेव्हा आमचा कौल असा. मेळघाटसाठी मार्च ते मे दोन लहान हेलिकॉप्टरं भाड्याने, परतवाडा आणि चिखलदऱ्याला घडीची टाकी, आणि मोठ्या आगीसाठी एमआय-17 ची मागणी जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाकडे आधीच तयार. पेंचसाठी फायर बॉसचा प्रस्ताव गंभीरपणे तपासावा. करारात दर उड्डाणाच्या तासाला ठरवला तरी आगीवर पडलेल्या लिटरची नोंद बंधनकारक करा, आणि इंधनाचा टँकर परतवाड्यालाच उभा राहील हे लिहून घ्या. इंधनासाठी दर वेळी बेलोऱ्याला जावं लागलं, तर येण्याजाण्यातच दीड तासाच्या उड्डाणातला पाऊण तास संपतो.