पहिल्या कर्जातून शेळ्या घ्याव्यात की दुभती गाय?

बहुतेक घरांत हा विचार किमतीपासून सुरू होतो. माझ्या मते तो हप्त्याच्या तारखेपासून सुरू करावा. पैसा हातात येण्याची आणि हप्ता भरण्याची वेळ जुळली नाही, तर चांगलं जनावरही विकायची पाळी येते.

ताज्या वेताची गाय लगेच दुधाचे पैसे देते, त्यामुळे मासिक हप्ता झेपतो. पण वर्षभर नाही. व्यायल्यावर दीड-दोन महिन्यांत दूध सर्वांत जास्त असतं, मग ते उतरत जातं. पुढच्या वेताआधी साधारण 60 दिवस तिला आटवावंच लागतं. खुराक चालू, दूध बंद. माज, म्हणजे गाय गाभण राहू शकते तो काळ, दर 21 दिवसांनी येतो. तो ओळखता आला नाही आणि सलग तीनदा हुकला, तर भाकड काळ आणखी दोन महिन्यांनी लांबतो. एकाच गाईच्या भरवशावर काढलेलं कर्ज इथे डळमळतं. जमत असेल तर दोन गाया घ्या, पण वेगवेगळ्या वेळी विणाऱ्या.

शेळी साधारण 150 दिवसांत विते, जुळी करडंही बऱ्याचदा होतात. तरी करडं विकण्याजोगी व्हायला आठ-दहा महिने जातात. म्हणजे गाभण शेळ्या आणल्या तरी मोठी रक्कम यायला वर्ष धरा. इथे मासिक हप्ता लावला, तर माणूस नाइलाजाने गाभण मादीच विकतो आणि कळप तिथेच संपतो. पहिलं वर्ष हप्ता नाही आणि पुढे सहामाही हप्ते, असं कर्ज मिळत नसेल तर शेळ्यांसाठी ते घेऊ नका.

जोखीम? गाय मेली की सगळं गेलं. पाचांतली एक शेळी गेली तर चार उरतात. मात्र पीपीआर (शेळ्यांची विषाणूमुळे येणारी साथ) किंवा आंत्रविषार (आतड्यांचा जीवघेणा रोग) शिरला की कळपच्या कळप आडवा होतो. लसीकरण आणि विमा दोन्हीकडे हवाच.

घरचा हिरवा चारा, भरपूर पाणी आणि जवळ रोजचं दूध संकलन, या तिन्ही गोष्टी असतील तरच गाय. एकही कमी असेल तर मी शेळ्याच सुचवेन.

प्रशिक्षणाबाबत मात्र तडजोड नको. बांगलादेशात ब्रॅक या स्वयंसेवी संस्थेने 2002 मध्ये अतिगरीब कुटुंबांसाठी सुरू केलेल्या पद्धतीत सुरुवातीला जनावर कर्जाने नव्हे, मोफत दिलं जात होतं; सोबत प्रशिक्षण, काही काळ घरखर्चाला आधार आणि नियमित घरभेटी. या पद्धतीच्या इतर सहा देशांतल्या चाचण्यांचे निष्कर्ष 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. मदत थांबल्यानंतर वर्षभरानेही बहुतेक ठिकाणी कुटुंबांची स्थिती सुधारलेली होती. होंडुरासमध्ये मात्र दिलेल्या कोंबड्या रोगाने मोठ्या संख्येने मेल्या.

म्हणून सही करण्याआधी कर्ज देणाऱ्याला विचारा: गोठा सांभाळणाऱ्या बाईला प्रशिक्षण मिळणार का, की ज्याच्या नावावर कर्ज आहे त्यालाच? आणि पहिलं वेत होईल त्या आठवड्यात गोठ्यावर कोण येणार?