आधी पैसे देतात, मग आपलंच खातं गोठतं

माझ्या खात्यातून गेले १,००,४३९ रुपये. त्यातले ४,६८० घरबसल्या काम देतो म्हणून फसवणाऱ्यांनी सुरुवातीला मला दिले होते, म्हणजे निव्वळ फटका ९५,७५९ चा. आणि जे दिले, त्यांच्यापायीच आज माझं बचत खातं फ्रीझ आहे. हा दुसरा भाग फारसं कुणी सांगत नाही, म्हणून मुख्यतः त्यासाठी लिहितेय.

टास्क फ्रॉड, म्हणजे छोट्या ऑनलाइन कामांच्या नावाखालची फसवणूक, कशी चालते ते आता सगळ्यांना ठाऊक आहे. थोडे पैसे देतात, मग भरायला लावतात, मग नंबर बंद. मलाही ठाऊक होतं. व्हिडिओ लाइक करा, हॉटेलला पाच स्टार द्या, असले मेसेज मी स्वतः ब्लॉक केलेत आणि नात्यातल्या पोरांनाही बजावलंय. त्यामुळे "एवढी शिकलेली बाई कशी फसली" असं तोंडावर विचारणाऱ्यांना आधीच सांगते, माझ्याकडे जे आलं त्याचा चेहरा वेगळा होता.

कितीतरी वर्षं मी अकाउंट्स सांभाळले. नोकरी गेली आणि घरबसल्या काम शोधत होते. जॉब साइटवरचा माझा बायोडेटा बघून फोन आला. शुद्ध मराठी, "ताई" म्हणून बोलणं, घाई अजिबात नाही. काम डेटा अॅनोटेशनचं. हे काम खरंच असतं. संगणकाला चित्र ओळखायला शिकवायचं तर आधी माणसांना हजारो फोटोंवर खुणा कराव्या लागतात, आणि त्याचे पैसे मिळतात. मी नेटवर शोधलं, सगळं जुळत होतं. आधी प्रशिक्षण, फी १,४९९, मग परीक्षा, मग प्रोजेक्ट.

प्रशिक्षण खोटं नव्हतं, हे मुद्दाम सांगते. चौकातल्या गर्दीचा फोटो यायचा. प्रत्येक दुचाकीभोवती चौकोन ओढायचा, स्वाराच्या डोक्यावर हेल्मेट आहे की नाही ते निवडायचं. आरशातलं प्रतिबिंब मोजायचं नाही, चौकटीबाहेर अर्धी गेलेली गाडी मोजायची. चुकलं की तो फोटो लाल कडेसह परत यायचा आणि खाली कारण लिहिलेलं असायचं. रात्री स्वयंपाकघर आवरून मी हे शिकत बसायचे. नवीन काही हाताला लागतंय याचा आनंद होता. त्यांनी नेमकं त्यालाच हात घातला.

पहिल्या कामाचे ७८० रुपये खात्यात आले. मग "प्रीमियम प्रोजेक्ट". ३,००० अनामत भरली, तिचे ३,९०० परत आले. त्यानंतर "कॉम्बो सेट", म्हणजे एकत्र बांधलेली जास्त अनामतीची कामं, लागला, त्यांच्या साइटवरचं माझं वॉलेट मायनसमध्ये गेलं, आणि सेट पूर्ण केल्याशिवाय काहीच काढता येईना. ८,५००. मग २१,८००. मग ४६,२००. दर वेळी आधीचे अडकलेले सोडवण्यासाठी पुढचे. स्क्रीनवर शिल्लक दिसायची १,०८,०००. शेवटी काढायला गेले तर म्हणाले, आधी १८ टक्के टॅक्स भरा, १९,४४०. तोही भरला.

टॅक्सचं ऐकून हिशेबाचं काम केलेल्या बाईला कळायला हवं होतं, असं घरातले म्हणतात. कळतं हो. टीडीएस, म्हणजे उगमापाशी कापला जाणारा कर, पैसे देणारा कापून घेतो, पैसे घेणाऱ्याकडून आधी मागत नाही. जीएसटी तर सेवा देणारा लावतो, आणि महाराष्ट्रात वर्षाच्या २० लाखांपर्यंतच्या सेवेला नोंदणीसुद्धा लागत नाही. हे सगळं मला झोपेत विचारा. पण तोवर माझे ७६,५०० अडकलेले होते, आणि अडकलेल्या पैशापुढे माणसाचं ज्ञान चालत नाही. हे ज्याच्यावर आलं नाही त्याने बोलू नये.

मला जो क्षण छळतो तो टॅक्सचा नाही. तो ३,००० भरतानाचा आहे.

यूपीआयवरून पैसे पाठवताना पिन टाकायच्या आधी समोरच्याचं बँकेत नोंदलेलं नाव दिसतं. ते नाव कुठल्याशा दूध डेअरीचं होतं. ऑफर लेटर एका कंपनीचं आणि पैसे डेअरीला! अकाउंट्समध्ये मी बिलावरचं नाव आणि खात्यावरचं नाव जुळल्याशिवाय कधी एक चेक सोडला नाही. मी थांबले. स्क्रीनशॉट पाठवून विचारलंसुद्धा. उत्तर आलं, "ताई, घाबरू नका, हे आपलं व्हेंडर अकाउंट आहे. एकाच खात्यात जास्त पेमेंट आली की लिमिट लागते." लिमिट असते हे खरंच आहे, म्हणून पटलं. पुढच्या वेळी नाव एका बाईचं, मग कपड्याच्या दुकानाचं, मग कुठल्या तरी फायनान्सचं. आणि मला आलेले ७८० आणि ३,९०० सुद्धा दोन वेगवेगळ्या माणसांच्या वैयक्तिक खात्यांतून आले होते. पासबुकात ती नावं माझ्या डोळ्यांसमोर होती. पगार अनोळखी माणसाच्या बचत खात्यातून येतो का? नाव जुळत नसेल तर पिन टाकू नका. समोरचा कितीही समजावो, टाकूच नका.

ते ३,९०० कंपनीचे नव्हतेच. माझ्यासारख्याच कुणीतरी भरलेले पैसे माझ्याकडे वळवले होते, आणि माझे ८,५०० तसेच आणखी कुणाला "पगार" म्हणून गेले असणार. त्यांच्या खिशातला एक रुपया खर्च होत नाही. म्हणूनच "मला तर पैसे मिळाले, खरं आहे ते" असं कुणी सांगितलं तर ती खात्री धरू नका. त्यांच्या चॅट ग्रुपमध्ये रोज पैसे मिळाल्याचे फोटो टाकणारे बहुतेक त्यांचेच असतात. उरलेले माझ्यासारखे, अजून बुडायची वेळ न आलेले.

नंबर बंद झाला त्या दुपारी मी १९३० ला तक्रार नोंदवली. हा केंद्र सरकारचा सायबर आर्थिक फसवणुकीचा क्रमांक, आणि cybercrime.gov.in हे त्याचं पोर्टल. जितका उशीर तितके पैसे पुढच्या खात्यांत पळतात. पैसे खात्यात पडून असतील तरच ते रोखता येतात. प्रत्येक व्यवहाराचा १२ आकडी यूटीआर, म्हणजे व्यवहार क्रमांक, हाताशी ठेवा, आणि चॅट आधी एक्स्पोर्ट करून घ्या. मी तक्रार लिहीपर्यंत त्यांनी माझ्याही बाजूचे मेसेज पुसले होते. वाचले ते फक्त आधी काढलेले स्क्रीनशॉट.

आणि मग सुरू झाला खरा मनस्ताप.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, "पैसे तुम्हीच पाठवलेत ना? मग फसवणूक कसली?" मग म्हणाले, हे सायबर सेलला जाईल. सायबरवाले म्हणाले, आधी तुमच्या हद्दीतल्या ठाण्यात अर्ज द्या. ठाण्यात परत, तर साहेब बंदोबस्ताला. अर्ज घेतला, पोच द्यायला खळखळ, एफआयआरचं नाव काढलं की "बघू". भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे, तिच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर घेतली पाहिजे. मी तो कागद छापून नेला. हवालदार म्हणाले, "मॅडम, कायदा आम्हाला शिकवू नका." शिकवायला गेले नव्हते. माझे पैसे गेलेत म्हणून गेले होते.

बँकेत तेच. "पिन तुम्ही टाकलात." रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे, तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाला झळ नाही, असं सगळे सांगतात. ते ग्राहकाच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहे. आपण स्वतः पिन टाकलेल्या व्यवहाराला बँक ते लावत नाही. त्या भरवशावर राहू नका.

आणि महिन्याअखेरीस हप्ता बाउन्स झाला. खात्यात पैसे असूनही. बँकेने त्याचे ५९० रुपये मात्र लगेच कापले. विचारलं तर कळलं, दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांच्या सांगण्यावरून खात्याला होल्ड लागलाय, कारण चोरीचे ३,९०० माझ्या खात्यात आलेत! तक्रारदार मी, आणि संशयितांच्या यादीतही मीच. त्या ३,९०० साठी अख्खं खातं बंद. एटीएम बंद, यूपीआय बंद, मुलीच्या फीचे पैसे अडकलेले. मॅनेजर म्हणाले, त्या पोलिसांकडून पत्र आणा. कुठल्या ठाण्यातून? "आम्हाला फक्त मेल येतो." त्या मेलवरचा नंबर कुणी उचलत नाही. माझ्या तक्रारीवर चोरांची खाती गोठली की नाही हे मला कुणी सांगत नाही, माझं मात्र तत्परतेने गोठलं. संताप होतो, लिहिताना आताही हात थरथरतोय.

याच काळात एक फोन आला. "सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे ट्रेस झालेत, २,५०० प्रोसेसिंग भरा." माझा तक्रार क्रमांकसुद्धा त्याला माहीत होता. फसलेल्यांना पुन्हा गाठणारी ही टोळी वेगळी असेल किंवा तीच. पैसे परत मिळवून देण्यासाठी कुठलंही सरकारी खातं फी मागत नाही. मी फोन आपटला.

ऑफर लेटरवर २१ अक्षरी सीआयएन, म्हणजे कंपनीचा नोंदणी क्रमांक, होता. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर टाकला तर कंपनी निघालीसुद्धा, कारण नंबर खऱ्या कंपनीचाच चोरलेला. तेवढ्यावर थांबू नका, त्या कंपनीच्या नोंदलेल्या ईमेलवर स्वतः लिहून विचारा. आणि साइटचं डोमेन, म्हणजे तिचा पत्ता, कधी नोंदलं गेलं ते हूइज या डोमेन-नोंदी दाखवणाऱ्या सेवेवर बघा, फुकट दिसतं. माझ्या "कंपनी"चं काही आठवड्यांपूर्वीचं होतं.

आधार, पॅन, रद्द केलेला चेक, सगळं मी जॉइनिंगला दिलं होतं. कोणी दिलं असेल तर आधारचं बायोमेट्रिक लॉक करा, आपल्या नावावर किती सिम आहेत ते संचार साथी या सरकारी पोर्टलवर तपासा, आणि क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपल्या नावावरच्या कर्जांची नोंद, मागवा. अशी नोंद ठेवणाऱ्या प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीने वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो.

ज्यांचं खातं माझ्यासारखं गोठलंय त्यांनी तोंडी बोलत बसू नये. बँकेला लेखी मागा: तक्रार क्रमांक काय, तपास अधिकारी कोण, वादातली रक्कम किती. पूर्ण खात्याऐवजी तेवढ्याच रकमेवर होल्ड ठेवा असं स्पष्ट लिहा, आणि पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. मी अर्जात लिहून दिलंय की ते ३,९०० ज्या कुणाचे असतील त्यांना आजच परत करा, माझी हरकत नाही, बाकीचं खातं मोकळं करा. बँकेचा शिक्का घेतलाय. उत्तर अजून नाही.