कोलोकेशनचा अनुभव: वीज एक क्षणही गेली नाही, सर्व्हर मात्र बंद पडला

गेल्या दिवाळीपासून आमचे दोन सर्व्हर आणि एक स्टोरेज पुण्यातील एका डेटा सेंटरमध्ये कोलोकेशनवर आहेत, म्हणजे यंत्रे आमची, पण जागा, वीज आणि थंडावा त्यांचा. कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण कराराच्या नूतनीकरणाची बोलणी अद्याप चालू आहेत. आम्ही पतसंस्थांना आणि गृहनिर्माण सोसायट्यांना हिशेबाचे सॉफ्टवेअर पुरवतो. 

पूर्वी ही यंत्रे कर्वे रस्त्यावरील कार्यालयाच्या पोटमाळ्यावर, एका स्प्लिट एसीच्या भरवशावर होती. गुरुवार हा पुण्यात वीजवाहिन्यांच्या देखभालीचा वार, त्यामुळे बुधवारी संध्याकाळी इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी आहे की नाही हे पाहणे हे माझे ठरलेले काम होते. कोलोकेशन घेण्याचे खरे कारण तेवढेच होते. वीज या एकाच निकषावर बोलायचे तर डेटा सेंटरने शब्द पाळला आहे. मी हे लिहीपर्यंत यंत्रांच्या कपाटाला (रॅकला) वीज देणाऱ्या दोन्ही पीडीयूंपैकी एकाचाही पुरवठा क्षणभरसुद्धा खंडित झालेला नाही.

तरीही एप्रिलमधील एका गुरुवारी भर दुपारी आमचा डेटाबेस सर्व्हर बंद पडला. सोसायट्यांची तिमाही बिले निघण्याचा तो आठवडा होता. मी डेटा सेंटरच्या एनओसीला, म्हणजे देखरेख कक्षाला, फोन केला, तेव्हा पलीकडच्या गृहस्थांनी शांतपणे सांगितले, "सर, आमच्याकडे पॉवर ओके आहे. लाइट गेली होती, पण डीजीने लोड घेतला." त्यांचे म्हणणे शब्दशः खरे होते. पूर्वसूचना देऊन घेतलेल्या देखभालीसाठी बाहेरचा पुरवठा बंद झाला, यूपीएसने मधले सेकंद सांभाळले आणि डीजी, म्हणजे डिझेल जनरेटर, सुरू झाला. अडचण अशी की यूपीएसवर फक्त सर्व्हर असतात, पीएसी, म्हणजे हॉल थंड ठेवणारी मोठी एसी यंत्रे, नसतात. कॉम्प्रेसरचा भार यूपीएसवर घ्यायचा तर यूपीएस आणि बॅटरी बँक कितीतरी मोठी लागते, म्हणून बहुतेक ठिकाणी तो खर्च कोणी करत नाही. एकदा थांबलेला कॉम्प्रेसर आतील दाब समान होईपर्यंत काही मिनिटे पुन्हा सुरूही होऊ देत नाहीत. इथवर सगळे अपेक्षेप्रमाणे होते. पण त्या दिवशी आमच्या बाजूच्या पीएसीचा फेज रिले (पुरवठ्यात दोष दिसल्यास यंत्र थांबवणारा स्विच) डीजीच्या पुरवठ्यावर ट्रिप झाला आणि तो हाताने रीसेट करेपर्यंत सुमारे वीस मिनिटे गेली. त्या वेळात सगळे सर्व्हर पूर्ण ताकदीने चालू होते आणि एकमेकांची गरम हवा आत ओढत होते.

आमच्या सर्व्हरच्या नोंदींत पुढचे सगळे स्वच्छ दिसते. इनलेट तापमान, म्हणजे सर्व्हर आत ओढतो त्या हवेचे तापमान, एरवी २६ अंश असते. ते आधी हळूहळू आणि नंतर भराभर वाढत गेले, आणि ४३ अंशांना वरच्या सर्व्हरने स्वतःला बंद करून घेतले. डेटा सेंटरच्या अहवालात मात्र हॉलचे कमाल तापमान ३४ अंश नोंदवलेले होते. दोन्ही आकडे बरोबर आहेत, कारण त्यांचा सेन्सर खांबावर आहे आणि आमचा सर्व्हरच्या तोंडाशी. त्यातही त्यांच्या बीएमएसचे (इमारतीच्या नियंत्रण यंत्रणेचे) घड्याळ आमच्यापेक्षा सात मिनिटे पुढे निघाले, त्यामुळे दोन तक्ते शेजारी ठेवून कारण आधी की परिणाम आधी, हे ठरवण्यात आमची एक बैठक वाया गेली. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजीच्या निर्देशांत घड्याळे एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवून ठेवण्यास सांगितले आहे. ज्यांचा धंदाच यंत्रे सांभाळण्याचा आहे, त्यांच्या भिंतीवरील घड्याळाबद्दल आम्ही आठवण करून द्यावी, हे जरा गमतीचे वाटले.

एसएलएप्रमाणे, म्हणजे करारातील सेवेच्या हमीप्रमाणे, भरपाई मागितली, तेव्हा ती नाकारण्यात आली. करारात ९९.९८२ टक्क्यांची हमी आहे, म्हणजे वर्षाला सुमारे ९५ मिनिटे बंद राहण्याची मुभा. पण ही हमी रॅकपर्यंत पोचणाऱ्या विजेची आहे. तापमानाविषयी करारात "अनुकूल वातावरण राखले जाईल" एवढेच एक वाक्य आहे. अॅश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेने सर्व्हरच्या इनलेटसाठी १८ ते २७ अंशांची शिफारस केलेली असताना "अनुकूल" या शब्दात ४३ अंशसुद्धा बसतात, असे आम्हाला कळवण्यात आले. सही करण्यापूर्वी या एका वाक्यावर वकिलाला अर्धा तास बसवणे कितीतरी स्वस्त पडते.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा अनुभव लिहायला घेतला, त्या रॅकमधील रिकामी जागा झाकणाऱ्या पट्ट्यांकडे, म्हणजे ब्लँकिंग पॅनलकडे, येतो. आमचा क्वार्टर रॅक, म्हणजे रॅकचा चौथा भाग, १० यूचा (यू म्हणजे सुमारे ४४ मिलिमीटर उंचीचा एक कप्पा) आहे आणि त्यातील पाच यू रिकामे आहेत. आमच्या वरचा संपूर्ण क्वार्टर कोणी घेतलेलाच नाही, आणि चारही भागांना मिळून पुढे एकच जाळीचे दार आहे. रिकाम्या यूसमोर ब्लँकिंग पॅनल नसेल, तर मागची गरम हवा त्या फटीतून पुढे येते आणि तोच सर्व्हर ती पुन्हा आत घेतो. हॉल कितीही थंड ठेवला, तरी त्या तोंडापाशी तापमान वेगळेच असते. पीएसी चालू असताना हा फरक दोन-तीन अंशांचा राहतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही. पीएसी थांबला की तोच सर्व्हर सर्वांत आधी पडतो. त्या रॅकमध्ये खालच्या भागातील दुसऱ्या ग्राहकाची यंत्रे त्या दिवशी सुरक्षित राहिली, कारण त्यांच्यावर रिकामी जागाच नव्हती.

या पट्ट्या डेटा सेंटरने लावाव्यात अशी माझी माफक अपेक्षा होती. उत्तर असे आले की पट्टी ही ग्राहकाची ॲक्सेसरी असून दर प्रति नग ४५० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५३१ रुपये आहे. आमच्या पाच रिकाम्या यूंचे २,६५५ रुपये एक वेळ समजू शकतो. परंतु वरच्या, त्यांच्याच मालकीच्या आणि त्यांनाच भाडेकरू न मिळालेल्या क्वार्टरच्या दहा पट्ट्यांचे ५,३१० रुपयेही आमच्याच कोटेशनमध्ये होते. वरच्या मजल्यावरील बंद सदनिकेची गळती खालच्या भाडेकरूने स्वखर्चाने दुरुस्त करावी, अशातलाच हा प्रकार.

हा प्रश्न मला एवढा का झोंबला, ते विजेच्या बिलावरून कळेल. आमची तिन्ही यंत्रे मिळून साधारण ६०० वॉट घेतात, म्हणजे तीस दिवसांच्या महिन्याला ४३२ युनिट. बिल मात्र या युनिटांना १.६ ने गुणून येते, कारण तो त्यांचा पीयूई, म्हणजे डेटा सेंटरची एकूण वीज आणि यंत्रांची वीज यांचे गुणोत्तर. म्हणजे दर महिन्याला सुमारे २५९ युनिट आम्ही जास्तीचे भरतो, आणि त्यांतील मोठा वाटा थंडाव्याचा असतो. ज्या थंड हवेचे पैसे आधीच घेतले आहेत, ती सर्व्हरपर्यंत शुद्ध स्वरूपात पोचावी म्हणून पुन्हा पट्टीचे पैसे मागणे मला पटलेले नाही आणि पटणारही नाही.

येथे एका गोष्टीबद्दल माझे मत बदलले, तेही नोंदवले पाहिजे. रिमोट हँड्सचे, म्हणजे त्यांच्या तंत्रज्ञाकडून आपल्या यंत्रांवर करून घेतलेल्या कामाचे, तासावारी दर मला सुरुवातीपासून लुटीचे वाटत होते. त्या गुरुवारी ड्युटीवर असलेल्या तरुण तंत्रज्ञाने मात्र पीएसी रीसेट होण्याची वाट पाहत न बसता जमिनीवरचा मोठा पंखा आमच्या रॅकसमोर आणून ठेवला, एका नव्या सर्व्हरच्या खोक्याचा पुठ्ठा कापला आणि वरच्या मोकळ्या जागेवर चिकटपट्टीने बसवला. सर्व्हर पुन्हा सुरू केल्यावर इनलेट तापमान शेजारच्या रॅकच्या आधी खाली आले, हे आमच्या आलेखात दिसते. दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकांनी तो पुठ्ठा काढायला लावला, कारण हॉलमध्ये पुठ्ठा नेण्यास आगीच्या नियमांप्रमाणे बंदी आहे. नियम योग्यच आहे. पण तो पाळण्यात जी तत्परता दिसली, ती पत्र्याची पट्टी बसवण्यात दिसली नाही. त्या तंत्रज्ञाच्या कामाचे बिल मी त्याच दिवशी विनातक्रार मंजूर केले.

शेवटी भोसरीतील एका शीटमेटलवाल्याकडून एक मिलिमीटर पत्र्याच्या, १९ इंच लांब आणि ४४ मिलिमीटर उंच अशा पंधरा पट्ट्या पावडर कोटिंगसह करून घेतल्या. प्रत्येकी ९० रुपये पडले. त्या आत नेताना सुरक्षारक्षकांनी इनवर्ड रजिस्टरमध्ये सीरियल नंबर मागितला. पत्र्याला सीरियल नंबर नसतो हे त्यांना मान्य होते, पण रकाना रिकामा सोडता येत नव्हता. म्हणून मार्करने पट्ट्यांच्या मागे १ ते १५ आकडे घालून त्यांची नोंद झाली. आता वरच्या सर्व्हरचे इनलेट तापमान २३ अंशांवर असते. वरच्या क्वार्टरला भाडेकरू मिळाल्यास दहा पट्ट्या स्वखर्चाने काढून नेऊ, असे हमीपत्रही आमच्याकडून घेतले आहे.

हे दुखणे लहान डेटा सेंटरचेच आहे असे मात्र कोणी समजू नये. १९ जुलै २०२२ रोजी ब्रिटनमध्ये पारा ४० अंशांच्या वर गेला, तेव्हा लंडनमध्ये गूगल आणि ओरॅकल या दोघांच्याही क्लाउड सेवा थंडावा कोलमडल्यामुळे अडखळल्या होत्या. १४ ऑक्टोबर २०२३ रोजी सिंगापूरमध्ये डीबीएस आणि सिटी या बँकांचे व्यवहार डेटा सेंटरमधील शीतकरणाच्या बिघाडानेच ठप्प झाले. विक्रीला येणारे प्रतिनिधी मात्र अजूनही डीजीच्या टाकीत किती तासांचे डिझेल आहे हेच कौतुकाने सांगतात.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात. नेटवर्कबद्दल तक्रार नाही. क्रॉस कनेक्टचे, म्हणजे आपला रॅक नेटवर्क कंपनीला जोडणाऱ्या तारेचे, मासिक भाडे एका साध्या तारेच्या मानाने जास्त आहे, पण ते सगळीकडेच तसे आहे. पार्किंग मिळते, चहाही बरा असतो.

तीन वर्षांसाठी सवलतीच्या दराचा प्रस्ताव आला होता, तो मी नाकारला. एका वर्षासाठी नूतनीकरणाची तयारी दाखवली आहे आणि दोन अटी लेखी मागितल्या आहेत. पहिली, हमी इनलेटच्या २७ अंशांवर मोजली जावी आणि मोजणी रॅकच्या दारावरील सेन्सरने व्हावी. दुसरी, पावसाळ्यानंतर एकदा आमच्यासमोर डीजीवर लोड घेऊन पीएसी स्वतःहून सुरू होतात की नाही, हे दाखवावे. दुसरी अट त्यांनी मान्य केली आहे. पहिलीवर कायदा विभागाचे उत्तर यायचे आहे, आणि ते नकारार्थी आले तर मी दुसऱ्या दोन डेटा सेंटरकडून मागवलेल्या कोटेशनांचा विचार करणार आहे. त्यांपैकी एकाने ब्लँकिंग पॅनल रॅकच्या भाड्यातच धरले आहेत.