हळदीचं दुकान सांभाळून कायद्याचा डिप्लोमा : इग्नूच्या बौद्धिक संपदा अभ्यासक्रमाचा माझा अनुभव

आमचा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा धंदा आहे. मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, आयुष्यभर अडत बघितली. आम्ही नवरा-बायकोने पावडर दळून पाव आणि अर्धा किलोची पाकिटं सुरू केली. पोत्याला नाव लागत नाही, पाकिटाला लागतं. आणि नाव आलं की कायदा येतो.

2020 मध्ये एका सल्लागाराने ‘सांगली हळद’ हे नाव तुमच्या फर्मच्या मालकीचं करून देतो असं सांगून आमच्याकडून 18 हजार रुपये घेतले. काही महिन्यांनी ट्रेडमार्क कार्यालयाचा तपासणी अहवाल आला. उत्तर द्यायला 30 दिवस होते. सल्लागार फोन उचलेना. मी बी.कॉम. झालेली, तीही मराठी माध्यमातून. तो अहवाल मी तीन वेळा वाचला आणि मला त्यातलं ‘कलम 9’ एवढंच कळलं. मुदत निघून गेली, अर्ज रद्द झाला. पैशांपेक्षा मला एकाच गोष्टीचा राग आला होता. आमच्याच मालाच्या नावाबद्दलचा कागद माझ्या हातात होता आणि मला तो वाचता येत नव्हता.

एलएल.बी. करायचा विचार आधी केला. पण त्याला रोजची हजेरी लागते आणि हळदीच्या हंगामात मला दुकानातून हलता येत नाही. मग इग्नूचा, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा, बौद्धिक संपदा हक्कांवरचा पदव्युत्तर डिप्लोमा सापडला. कुठल्याही शाखेची पदवी चालते. अभ्यासक्रम किमान एका वर्षाचा आहे, पण त्याहून जास्त वेळ घेता येतो. मी जानेवारी 2022 च्या सत्राला प्रवेश घेतला आणि दोन वर्षांत पूर्ण केला. प्रवेश, परीक्षा शुल्क, कोल्हापूरला जायची एसटी, वह्या आणि झेरॉक्स धरून माझं एकूण 15 हजारांच्या आत भागलं. त्या सल्लागाराला दिले त्यापेक्षा कमी.

सवडीने शिकायचं म्हणजे काय, ते माझ्या बाबतीत असं ठरलं. फेब्रुवारी ते मे सौदे जोरात असतात, त्या दिवसांत पुस्तक उघडायचं नावही नाही. जूनच्या परीक्षेला मी एकच पेपर दिला. बाकीचे डिसेंबरवर टाकले. कुणी विचारलं नाही, कुणी नापास म्हटलं नाही. पावसाळ्यात गिऱ्हाईक कमी असतं, तेव्हा पहाटे साडेचार ते सहा बसायचं. आत्ती, म्हणजे सासूबाई, उठून चहा ठेवायच्या तोवर माझी दहा-बारा पानं झालेली असायची. एखादी मुलगी घरी आजारी पडली, पाहुणे आले, तर आठवडा मोडायचा. तो मोडलेला आठवडा कुठूनतरी भरून काढावा लागतो आणि तो भरून काढायला लावणारं कुणी नसतं. ज्यांना वर्गात बसल्याशिवाय अभ्यास होत नाही त्यांनी हे आधीच मनाशी ठरवून घ्यावं.

अभ्यासाचं माध्यम इंग्रजी. माझ्यासाठी सगळ्यात अवघड हेच होतं. पहिला महिनाभर मी एका पानाला तासभर घालवत होते. मग राज्याच्या भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश मिळाला आणि वाट सुटली. वहीच्या डाव्या पानावर इंग्रजी वाक्य, उजव्या पानावर माझं मराठी. अशा सात वह्या भरल्या. इग्नूचं अभ्याससाहित्य ई-ज्ञानकोश या त्यांच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतं, त्यामुळे प्रवेश घ्यायच्या आधीच दोन धडे वाचून बघा. आपल्याला झेपेल का, हे तिथेच कळतं.

गुणांचा हिशोब साधा आहे. 30 टक्के स्वाध्यायांना, 70 टक्के सत्रान्त परीक्षेला. स्वाध्याय हाताने लिहायचे असतात. मी सुरुवातीला ते एक ओझं समजत होते, पण परीक्षेत तीन तास सलग इंग्रजीत लिहायची सवय मला त्यांनीच लावली.

आता खरा माल. पेटंट, कॉपीराइट, ट्रेडमार्क, डिझाइन, भौगोलिक निर्देशन (जीआय), पिकांचे वाण आणि पारंपरिक ज्ञान असा सगळा पसारा आहे. पेटंट 20 वर्षं टिकतं, पुस्तकाचा कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं, भौगोलिक निर्देशनाची नोंद 10 वर्षं आणि ती पुन्हापुन्हा वाढवता येते. एवढं तर कुठेही वाचायला मिळेल. पण हळदीच्या पेटंटचं प्रकरण आलं तेव्हा मी पुस्तक घेऊन दुकानातच गेले आणि मामांना वाचून दाखवलं. 1995 मध्ये अमेरिकेत, मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला, हळद लावून जखम भरून काढण्यावर पेटंट मिळालं होतं. आपल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेने, डॉ. माशेलकर तिचे प्रमुख असताना, त्याला आव्हान दिलं आणि 1997 मध्ये ते रद्द झालं. मामा म्हणाले, “त्यात काय सिद्ध करायचं? खरचटलं की हळद दाबायची, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.” नेमकं तिथेच तर सगळं अडलं होतं. अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्यात दुसऱ्या देशातलं तोंडी ज्ञान, नुसती वहिवाट, चालत नव्हती. छापील पुरावा पाहिजे होता. मग जुने संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथ आणि वैद्यकीय नियतकालिकांतले लेख असे 32 संदर्भ गोळा करून दाखवावे लागले. ‘पूर्वज्ञान’, म्हणजे आधीपासून माहीत असलेलं, या शब्दाचा अर्थ मला त्या दिवशी हाडात मुरल्यासारखा कळला. आजीच्या बटव्यातलं कुणीतरी लिहून ठेवलेलं असेल तरच ते टिकतं.

तसंच वाणांच्या कायद्याचं. 2001 च्या कायद्यातलं 39 वं कलम शेतकऱ्याला बियाणं राखून ठेवायचा, पेरायचा, देवघेव करायचा, विकायचाही हक्क देतं, फक्त ब्रँड लावून ते विकता येत नाही. आमच्याकडे दरवर्षी शेतकरी एकमेकांकडून हळदीचं बेणं नेतात. यातलं काय चालतं आणि काय चालत नाही, हे आता दुकानात बसल्याजागी सांगता येतं, आणि लोक विचारायला येतातही.

माझ्या स्वतःच्या प्रश्नाचं उत्तर भौगोलिक निर्देशनाच्या भागात मिळालं. वर्तमानपत्रं ‘भौगोलिक मानांकन’ लिहितात, त्यामुळे मला तो अ‍ॅगमार्कसारखा दर्जाचा शिक्का वाटायचा. तसं नाही. ते नाव कुठल्या भागातल्या मालाचं आहे, एवढं तो कायदा सांगतो आणि राखतो. सांगलीच्या हळदीला हे 2018 मध्ये मिळालं, त्यात सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांचाही वाटा आहे. जमिनीखालच्या त्या पेवांत हळद वर्षानुवर्षं टिकायची. 2005 च्या महापुरात बरीचशी गेली. ती पेवं मी लहानपणी बघितली आहेत, म्हणून तो धडा मला परका वाटला नाही.

हे नाव कुणा एका फर्मला विकत देता येत नाही, भाड्याने देता येत नाही, कुणाच्या नावावर करता येत नाही. भौगोलिक निर्देशन कायद्याच्या 24 व्या कलमात ते स्वच्छ लिहिलंय. आणि ट्रेडमार्क कायद्याच्या ज्या 9 व्या कलमाने आमचा अर्ज पाडला, त्यात नुसतं गावाचं किंवा प्रदेशाचं नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदता येत नाही असंच म्हटलंय. म्हणजे ते काम पहिल्या दिवसापासून होणारच नव्हतं. लहान उद्योगाला ट्रेडमार्कच्या ऑनलाइन अर्जाची सरकारी फी मालाच्या एका वर्गाला (प्रकाराला) 4,500 रुपये आहे, हेही तेव्हाच कळलं.

आम्हाला पाहिजे होतं ते दुसरंच काहीतरी, ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंद, म्हणजे ते नाव आपल्या मालाला वापरायचा हक्क. ती फक्त ‘उत्पादक’ करू शकतो. मी आधी निराश झाले, कारण आम्ही हळद पिकवत नाही. मग भौगोलिक निर्देशनाच्या 1999 च्या कायद्यातली उत्पादकाची व्याख्या नीट वाचली. शेतमालाच्या बाबतीत पिकवणारा तर उत्पादक आहेच, पण त्यावर प्रक्रिया करणारा आणि पॅकिंग करणाराही त्यात धरला आहे. एका ओळीतले दोन शब्द. मी ते पानच्या पान मराठीत लिहून मामांना दिलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि विचारलं, “पॅकिंगवाला पण?” हो, पॅकिंगवाला पण. तो अर्ज मी स्वतः लिहून चेन्नईच्या भौगोलिक निर्देशन नोंदणी कार्यालयाला पाठवला.

काय मिळत नाही, तेही सांगते. या डिप्लोम्यावर वकिलीची सनद मिळत नाही. कोर्टात उभं राहायचं असेल तर बार कौन्सिलने मान्य केलेली नियमित कायद्याची पदवीच लागते. पेटंट एजंटच्या परीक्षेला विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी लागते, त्यामुळे माझ्यासारख्या बी.कॉम. झालेल्यांना ते दार बंद आहे. नोकरी मिळेल म्हणून कुणी पैसे घालणार असेल तर दोनदा विचार करा. पण कापड, मसाले, चपला, औषधं, छपाई, सॉफ्टवेअर असल्या धंद्यात जे आहेत आणि ज्यांच्याकडे वर्षातून एकदा तरी नोटीस येते, त्यांनी हा अभ्यास जरूर करावा असं मला मनापासून वाटतं.

एक सवय मात्र लावून घ्या. कायद्याचं छापील पुस्तक कुठलंही असो, कायदा त्याच्या पुढे पळतो. बौद्धिक संपदेचं अपिलीय मंडळ 2021 मध्ये बंद झालं आणि अपिलं उच्च न्यायालयांकडे गेली. 2023 च्या जन विश्वास कायद्याने या कायद्यांतल्या काही शिक्षा बदलल्या. म्हणून धडा वाचून झाला की इंडिया कोड या सरकारच्या कायद्यांच्या संकेतस्थळावर मूळ कायदा उघडून कलमं ताडून बघायची. तेही फुकट आहे. मी वहीत हिरव्या शाईने बदल लिहीत गेले आणि परीक्षेत त्याचा फायदा झाला.

प्रवेश वर्षातून दोनदा असतो, जानेवारी आणि जुलै. हळद, बेदाणा, गूळ असा हंगामी धंदा असेल तर जानेवारीचा घ्या. हंगाम संपेपर्यंत पुस्तकं पडून राहिली तरी पावसाळा आणि दिवाळीनंतरचे दिवस धरून डिसेंबरच्या पेपरांना पुरेसा वेळ हाताशी राहतो.