'दॅट गाय डिक मिलर': दोन मिनिटांच्या भूमिकांचा माणूस

एलायजा ड्रेनर दिग्दर्शित 'दॅट गाय डिक मिलर' (२०१४) हा माहितीपट ज्या अमेरिकी नटावर बेतलेला आहे, त्याचा चेहरा पाहताच 'अरे, हा तोच' असे म्हणणारे पुष्कळ असले, तरी त्याचे नाव सांगू शकणारे फार थोडे असतील.

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात १९२८ मध्ये जन्मलेले मिलर कॅलिफोर्नियात आले ते लेखक होण्यासाठी. तुटपुंज्या पैशांत झपाट्याने चित्रपट पुरे करणाऱ्या रॉजर कॉर्मन यांना मात्र लेखक नको होते, नट हवे होते. म्हणून मिलर नट झाले. पहिल्याच 'अपाची वुमन' (१९५५) मध्ये त्यांच्या वाट्याला गोरे आणि मूलनिवासी अशा दोन्ही बाजूंच्या भूमिका आल्या. 'अ बकेट ऑफ ब्लड' (१९५९) पाच दिवसांत चित्रित झाला आणि त्यात ते चक्क नायक होते: प्रेतांवर माती लिंपून शिल्पकार म्हणून नावाजला जाणारा वॉल्टर पेझली. हे नाव पुढे कितीतरी चित्रपटांत त्यांच्या पात्रांना गमतीने दिले गेले. त्यानंतर 'द लिटल शॉप ऑफ हॉरर्स'मधील मुख्य भूमिका त्यांनी नाकारली आणि फुले खाणाऱ्या गिऱ्हाइकाची छोटी भूमिका घेतली. कॉर्मन यांच्या काळाचा हा भाग माहितीपटात सर्वांत रंगला आहे.

पुढे गती वाढते आणि तिथेच माझी मुख्य तक्रार आहे. मिलर यांची खरी करामत अशी की, दोन मिनिटांच्या प्रसंगातही त्या माणसाचा धंदा, त्याचा कंटाळा, त्याची ऐट असे सारे दिसते. 'द टर्मिनेटर' (१९८४) मधील बंदूकविक्रेता मालाची माहिती देताना किती खुशीत असतो, हे कळण्यासाठी तो प्रसंग थोडा वेळ चालू द्यायला हवा. त्याच वर्षीच्या 'ग्रेमलिन्स'मधील, परदेशी यंत्रांवर खार खाऊन असलेल्या शेजारी फटरमनचेही तसेच. येथे मात्र तुकडा सुरू होतो न होतो तोच कोणीतरी चाहता बोलू लागतो, आणि अनेकांचे बोलणे एकाच कौतुकाभोवती फिरते. जो दांते यांचा अपवाद करावा लागेल, कारण आपल्या चित्रपटांतून मिलर यांना वारंवार घेणाऱ्या या दिग्दर्शकाला त्यांचे मोल कामातून कळले होते.

पत्नी लेनी यांच्यासोबतची मिलर यांची नोकझोक मनापासून आवडते. त्या निर्मात्यांपैकी एक असल्यामुळेच की काय, एवढ्या गुणी नटाला मोठ्या भूमिका का मिळाल्या नाहीत, या प्रश्नाला माहितीपट ओझरता स्पर्श करतो आणि पुढे निघून जातो. तरीही तो पाहावा. मात्र ज्यांनी मिलर यांचे काम पाहिलेले नाही, त्यांनी आधी तासाभराचा 'अ बकेट ऑफ ब्लड' पाहावा आणि मग याच्याकडे वळावे.